मथुराक्कांचा खालचा सूर

फेब्रुवारीतल्या सकाळी विद्यापीठाच्या ग्रंथालयात ऊन एकदम येत नाही. आधी ते बाहेरच्या गुलाबी फुलांनी लगडलेल्या झाडात अडकून राहते. मग सावकाश पूर्वेच्या उंच खिडक्यांशी येते आणि जुन्या, किंचित लाटा पडलेल्या काचांतून झिरपत खाली उतरते. पहिल्यांदा उजळतात कपाटांच्या माथ्यावरच्या पाट्या. मग पुस्तकांच्या पाठी, एकेक ओळ करत. मग वाचनकक्षातले लांब टेबल, त्यावरचे चहाचे गोल डाग आणि कोण्या विद्यार्थ्याने कर्कटकाने कोरलेले अर्धवट नाव. उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत राहते, जणू खाली बसण्याची तिला घाई नसते. शेवटी ते ऊन देवघेवीच्या खिडकीपाशी पोचते आणि तिथल्या रिकाम्या खुर्चीच्या हातावर स्थिरावते.

अजिंक्य हे रोज पाहत असे. तो इथला साहाय्यक ग्रंथपाल, मूळचा निपाणीचा, या कन्नड महानगरातल्या जे. पी. नगरात एका खोलीत एकटा राहणारा. ग्रंथालय उघडायला बराच अवकाश असतानाच तो येऊन बसे. कोणी विचारले तर सांगे, परत आलेली पुस्तके लावायची असतात.

ती खुर्ची मथुराक्कांची होती. चामराजपेटेतल्या, शेकडो वर्षांपूर्वी फौजेबरोबर दक्षिणेत येऊन इथलेच झालेल्या मराठी घरातल्या त्या. निम्मी मराठी, निम्मी कन्नड बोलत. पुस्तक उशिरा आणणाऱ्याला त्या दंडाआधी शेवटच्या पानावर काय घडते ते विचारत, आणि त्याने नीट सांगितले तर दंड विसरून जात. शनिवारी त्या विद्यापीठाच्या वृंदगानात गात. नेहमी खालचा सूर. वरचा का नाही, असे अजिंक्यने एकदा विचारले तेव्हा म्हणाल्या, "वर गायला दम लागतो रे, आणि रेशमी साडी. माझ्याकडे दोन्ही स्वल्पच."

त्यांनीच त्याला ओढून वृंदगानात उभे केले होते. लांब सूर धरताना सगळ्यांनी एकदम श्वास घेऊन चालत नाही. शेजाऱ्यांनी आळीपाळीने, चोरून घ्यायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला खंड जाणवत नाही. अजिंक्यचा दम लवकर संपे. मग मथुराक्का त्याच्या मनगटावर दोन बोटे टेकवत. तू घे, मी धरते, असा त्याचा अर्थ. कोणाशी दोन वाक्ये धड बोलू न शकणाऱ्या त्या मुलाला एवढ्या मोठ्या शहरात त्या दोन बोटांएवढीच जागा मिळाली होती, आणि ती आपली एकट्याची आहे असे तो धरून चालला होता.

जानेवारीत मथुराक्का झोपेतच गेल्या. त्यानंतर लोकांना त्या ऐकू येऊ लागल्या.

सुरुवात शिपाई नागराजने केली. "अजिंक्य अण्णा, काल दुपारी अक्का गुणगुणत होत्या. मासिकांच्या कपाटापाशी. मी म्हटलं, सरी अक्का, बरं, बसा निवांत."

"इन्व्हर्टरचा आवाज असेल."

"इन्व्हर्टर कल्याणी रागात गातो काय हो?"

अजिंक्यने इन्व्हर्टर तपासला. पंखे बंद करून तो कपाटापाशी उभा राहिला. काहीही ऐकू आले नाही. त्याला समाधान वाटायला हवे होते.

मग वाचनकक्षातल्या मुली सांगू लागल्या, मग हिशेब विभागातले कारकूनसुद्धा, ज्यांनी आयुष्यात पुस्तक उघडले नव्हते. अजिंक्यला या सगळ्यांची किळस आली. हयातीत ज्यांनी या बाईला खुर्चीइतकेच गृहीत धरले, ते आता तिच्या मरणात आपापला वाटा मागत होते. सर्वांत जास्त चीड त्याला यशोवर्धन सरांची येई. वृंदगानाचे हे संचालक इंदिरानगरात राहत, उकाड्यातही मफलर गुंडाळत आणि डोळे मिटून "अक्कांची ऊर्जा" असे काहीतरी बोलत. त्याखालोखाल भूमिकाची. संशोधन करणारी ही मुलगी मथुराक्कांच्या दुसऱ्या बाजूला उभी राहत असे, आणि तिने त्यांच्याबरोबरचे स्वतःचे इतके फोटो जगाला दाखवले होते की मेले नक्की कोण, असा प्रश्न पडावा.

श्रद्धांजलीच्या तालमीनंतर भूमिका त्याच्यापाशी आली. "मला अजून मनगटावर बोटं लागतात. लांब सुराला."

"तुला?"

"मला म्हणजे? नेहमी मलाच तर लावायच्या. माझा दम कुठे पुरतो."

"काहीतरीच. त्या मला लावायच्या."

"मग दोघांना लावत असतील. दोन हात होते ना त्यांना." ती हसली, मग थांबली. "तुला नाही ऐकू येत त्या?"

"असल्या गोष्टी मी ऐकत नाही."

"हे काय ठरवून असतं का, अरे?"

त्याने वळून दाराकडे पाहिले. मागच्या ओळीतला खर्जाचा गायक, जो मथुराक्कांपासून चार हात लांब उभा राहत असे, तोही स्वतःचे मनगट चोळत घरी निघाला होता.

श्रद्धांजली सकाळी, वाचनकक्षातच झाली. कुलगुरूंनी दोनदा त्यांना मधुरा म्हटले. एका प्राध्यापकाने स्वतःच्या ग्रंथांची माहिती दिली आणि जाता जाता मयत बाईंचेही नाव घेतले. अजिंक्य रांगेच्या डाव्या टोकाला, काचेच्या कपाटाला पाठ लावून उभा होता. उजव्या हाताला, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, त्याने एक माणूस उभे राहील एवढी जागा सोडली होती.

गाणे सुरू झाले. शेवटचा लांब सूर आला. यशोवर्धन सरांचा हात वर गेला आणि वरच राहिला.

अजिंक्यचा दम संपला. तो थांबला.

पलीकडे भूमिकाचेही ओठ मिटले. मग तिच्या पलीकडच्याचे. मग सगळ्या रांगेचे.

हात खाली आला नाही.

कोणी गात नव्हते. सर्वांच्या माना उजवीकडे किंचित कलल्या होत्या, शेजारच्याचे ऐकताना कलतात तशा. दारातला नागराज डोळे मिटून उभा होता. कुलगुरूंच्या हातातला कागद खाली गेला होता.

अजिंक्यला ऐकू येत होती ती फक्त बाहेरून जाणारी रिक्षा.

नाटक, त्याला वाटले. या मफलरवाल्याचे स्वस्त नाटक; मौनाला गाण्याचा मुलामा. आणि ही सगळी मेंढरे.

तोल सावरायला त्याने हात मागे नेला. तळव्याखाली कपाटाची काच थरथरत होती. बारीक, एकसारखी, मध्ये कुठेही न तुटता.

त्याने रांगेकडे पाहिले. बाकी प्रत्येकाच्या उजव्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी होती. रांग लांबली होती, सरकत सरकत त्याच्यापर्यंत आली होती. भूमिकाचा खांदा त्याच्या खांद्याला टेकला होता. त्याने राखलेली जागा उरली नव्हती.

सरांचा हात खाली आला. काच स्थिर झाली.

साऱ्या खोलीने एकदम श्वास सोडला. भूमिकाचे गाल ओले होते. ती त्याच्याकडे वळली आणि अगदी हळू म्हणाली, "ऐकलंस ना?"

"हो," अजिंक्य म्हणाला.

त्याने काहीही ऐकले नव्हते. मथुराक्का सगळ्यांकडे आल्या होत्या. त्याच्याकडे त्या आल्या नव्हत्या.