मोरीतला दगड

जरा जवळ सरक, सांगतो. मधी बोलायचं नाय, माझं डोकं फिरतं.

चौऱ्याण्णव साल. सिल्वासाजवळ गलोंडा गावापुढं सायन्स पार्क बांधत व्हते. म्होरं कॉलेजवाल्यांची लॅब, मधी कारखाने, मागं राहायच्या क्वार्टरी. मी धुळ्याकडचा गवंडी. साहेबानं तिथंच एक क्वार्टर दिली. बायको आक्काबाई खूश, पण म्हणे, "कपडे आपटायला दगड नाय."

लॅबच्या कंपाउंडला सागाखाली चपटा दगड व्हता, शेंदूर लावलेला. मी उचलला. नथू, आमच्या कामावरचा वारली मजूर, धावत आला.

"सुकदेवदादा, नको. माझी पोर पुरलेली हाये खाली. नव्या भाताचा घास आमी तिला तिथंच ठेवतो."

"अरे, इथं मशिनी येणार, अन् तू भात घेऊन बसला! चल, माल कालव."

मी शेंदूर घासला अन् दगड मोरीत सिमेंटात बसवला.

आठ दिसांनी माझी गुड्डी, सहा वर्षांची, ताटातला भात मोरीत ठेवायला लागली.

"कोणाला गं?"

"खाली हाये ना... तिला. एकटीच हाये."

मी एक ठेवून दिली. सांजेला पोरीला ताप चढला, उतरेचना. कॉलेजातल्या मॅडमनी पाणी तपासलं. साफ व्हतं. शेवटी सिल्वासाला दवाखान्यात ठेवली, आक्काबाई जवळ.

मी भर दुपारी घरी येऊन दगड उखडला. खालचं सिमेंट मीच थापीनं गुळगुळीत केलेलं... त्यात लहान पोराचे पंजे. दाबलेले नाय. वर आलेले. खालून कोणी रेटल्यावाणी.

ते फोडलं, नवं सिमेंट भरलं, दाराला कुलूप घातलं. दगड डोक्यावर घेऊन नथूकडं गेलो. पाय धरले त्याचे. मी!

नथू म्हणाला, "ठेवतो दादा. पण तिला आता सोबतीची सवय लागली..."

परत आलो. कुलूप तसंच. मोरीत ओल्या सिमेंटात चार पंजे. दोन वर आलेले. दोन वरून दाबलेले, अन् त्यातली एक करंगळी वाकडी. गुड्डीची दारात चेंगरली व्हती, तशी.

दवाखान्यात पळालो.

"खाटेवरून हलली बी नाय," आक्काबाई म्हणाली. "ताप उतरला बघा."

गुड्डी झोपेत हसत व्हती. मी तिची मूठ उघडली.

ओलं सिमेंट.