बटणामागचा दोरा

त्या दिवसांत म्युनिकमधल्या कपड्यांच्या दुकानात मायदेश सोडून आलेला उइगुर माणूस चटकन ओळखू यायचा. तो शर्टाची किंमत बघत नसे, मापही बघत नसे. शर्ट उलटा करून बटणामागचा दोरा बघत असे. टोक कात्रीने कापलेलं दिसलं की शर्ट परत खुंटीवर जायचा. चपटं, दाताने तोडलेलं दिसलं की विकत घेतला जायचा. दुकानदारांना वाटे, हे लोक शिवणीच्या बाबतीत भलतेच चोखंदळ.

नानची भट्टी चालवणाऱ्या एमेतजानने असे इतके शर्ट आणले होते, की कपाट उघडलं की ते अंगावर कोसळत. त्याची बहीण तुरसुनाय मायदेशी, काशगरला राहायची. एके दिवशी सरकारी माणसांनी तिला घरातून नेलं. का आणि कुठे, हे कुणी सांगितलं नाही. नेलेल्या माणसांना कारखान्यांत डांबून शर्ट शिवायला लावतात, एवढंच कानावर यायचं. तिची लेक मेहरीगुल तेव्हा सुट्टीत मामाकडे आली होती. ती मग इथेच वाढली, कॉलेजात जाऊ लागली.

मग निघाला लाळठसा. नाव डॉ. शलाका किरपेकरांनी दिलेलं. बाई मूळच्या मिरजेच्या, प्रयोगशाळा म्युनिकात.

“लाळेत तोंडातल्या पेशी असतात,” पहिल्या भेटीत त्यांनी समजावलं होतं. “दाताने दोरा तोडला की त्या दोऱ्याच्या पिळात अडकून वाळतात. त्या तुमच्या भाचीशी जुळल्या की तिची आई सापडली. शिवाय लाळेतली काही प्रथिनं ठरावीक वेगाने मोडत जातात. किती मोडली ते पाहिलं की दोरा कधी तोडला तेही कळतं.”

“पण कारखान्यात दाताने कशाला तोडतील?” असं एमेतजानने विचारलं. मग त्याचा तोच म्हणाला, “धारदार काही त्यांच्या हाती देत नसतील.”

तुरसुनाय तर घरात कात्री असतानाही टोप्यांवर भरतकाम करताना दातच वापरायची. दात झिजतील म्हणून आई ओरडायची.

गेल्या हिवाळ्यात एका निळ्या शर्टाच्या बटणामागे तुरसुनाय सापडली. दोरा जुना नव्हता. म्हणजे ती जिवंत होती. एमेतजान प्रयोगशाळेत गरम नान घेऊन गेला आणि सगळ्यांसमोर रडला. त्यानंतर ती आणखी दोनदा सापडली. नवा माल यायची तो आता सणासारखी वाट बघू लागला.

आणि आज शलाकाबाईंनी मामा-भाचीला बोलावून घेतलं होतं.

“त्या कारखान्याच्या मालावर बंदी घालायची की नाही, हे इथली सरकारी समिती ठरवणार आहे. तिथे धरून नेलेल्यांना राबवतात, याचा त्यांना पुरावा हवाय. ठसा तुम्हा दोघांशी जुळवलाय, म्हणून दोघांची संमती लागेल. मेहरीगुलने दिलीय.”

ही बंदी यावी म्हणून एमेतजान कित्येक वर्षं चौकात फलक धरून उभा राहिला होता. हे कपडे घेणाऱ्यांना त्याने तोंडावर सुनावलं होतं.

“ठसा दाखवला की काय होईल?” त्याने विचारलं.

“बहुतेक बंदी येईल.”

“आणि तिचं?”

शलाकाबाईंनी खोटा धीर दिला नाही. “इथे माल येणार नाही. दुसऱ्या देशात गेला तरी ठसा कसा मिळतो, हे त्यांना कळलेलं असेल. कात्र्या देतील, तोंडाला फडकी बांधायला लावतील.”

“मग ती आहे की नाही...”

“कळणार नाही. सुटेल का, तेही मला सांगता येणार नाही.”

एमेतजान टेबलावरच्या नानकडे बघत राहिला. त्याने आणलेला नान कुणी मोडलाच नव्हता.

“मामा,” मेहरीगुल म्हणाली, “आईला सोडवायचंय, की ती आहे एवढंच कळत राहायला हवंय?”

“थोडं थांबू या, बाळ. अजून एक शर्ट येऊ दे.”

ती वाद घालेल असं त्याला वाटलं होतं. तिने कोट घातला आणि ती निघून गेली. शलाकाबाईंनी संमतीचा कागद फायलीत परत ठेवला. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं, इतकी त्याला स्वतःची लाज वाटली.

समिती बसली आणि पुराव्याअभावी उठली. बंदी बारगळली. मेहरीगुल घरात कामापुरतं बोलू लागली.

पुढच्या आठवड्यात एमेतजान दुकानात गेला.

“नवा माल कधी येणार?” त्याने काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

“लवकरच. हे शर्ट इथे खूप खपतात हो. तुमची माणसं तर गठ्ठ्याने नेतात. आता म्हणे कारखान्याने आमच्यासाठी रात्रपाळीसुद्धा सुरू केलीय.”

रात्रपाळी म्हणजे जास्त शर्ट. जास्त बटणं, जास्त दोरे.

“बरं झालं,” एमेतजानच्या तोंडून निघून गेलं.

मुलगी हसली. त्याचे कान शरमेने तापले. आपण काय बोललो ते त्याला पुरतं कळलं होतं. तरी त्याने समोरचा शर्ट उचलला, उलटा केला आणि बटणामागचा दोरा बघू लागला.