पाठमोरा

“थांबू नका. श्वास घ्या… ‘दार उघड, आई’ – म्हणा.”

आठ वर्षं झाली, तरी तो आवाज तेजलच्या कानात अजून तसाच होता. नाशिकच्या नाट्यगृहात कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धा चालल्या होत्या. तेजलच्या येवल्याच्या संघाचा प्रॉम्प्टर एसटी चुकल्यानं आलाच नव्हता, म्हणून दुसऱ्या संघातल्या कुणीतरी त्यांची वही हातात घेतली होती. ऐन प्रवेशात तेजल वाक्य विसरली. समोर सगळं नाट्यगृह, घशाला कोरड… आणि विंगेतल्या काळोखातून कुणीतरी, तहानलेल्याच्या हातावर गूळ ठेवावा तसं, वाक्य अलगद तिच्या हातावर ठेवलं. प्रवेश संपला तेव्हा त्याच काळोखातून पाण्याचा पेला पुढे आला. पेला धरलेला डावा हात तेवढा तिनं पाहिला. अंगठ्याच्या बुडाशी भाजल्याचा पांढुरका डाग, द्वितीयेच्या चंद्रासारखा. पाणी पिऊन वर बघेपर्यंत माणूस गेलेला.

त्यानंतर तिनं रंगमंच सोडला, पण तो आवाज काही तिला सोडून गेला नाही.

आता ती सिनेमाच्या सेटवर सलगता सांभाळायची. शर्टाचं कोणतं बटण उघडं होतं, कपात चहा किती उरला होता, एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात जाताना काही हरवत तर नाही ना, हे बघायचं काम. वडील पैठणी विणायचे. ‘एक तार चुकली की पदरावरचा मोर लंगडतो,’ असं ते म्हणायचे. ती नजर लेकीकडे आली होती.

जानेवारीच्या थंडीत सायखेड्याच्या रस्त्यावरच्या एका कांदाचाळीत, कांदे साठवायच्या शेडमध्ये, शूटिंग होतं. सिनेमा होता बारा वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या जुळ्या भावांचा. मामाचं प्रेत लपवायला दोघांना एकत्र यावं लागतं. आणि प्रेत राहतं बाजूला, डोक्याकडून कुणी धरायचं यावरच दोघं भांडत बसतात. हसता हसता अंगावर काटा यावा, असा सगळा मामला. दोन्ही भाऊ एकच नट करणार, म्हणून त्याच्यासमोर पाठमोरं बसायला, समोरच्या भावाची वाक्यं म्हणायला एक माणूस आणला होता.

पहिल्याच दिवशी तो पाठमोरा माणूस म्हणाला, “थांबू नकोस. धर पाय.”

तेजलच्या हातातली वही खाली पडली.

चहाच्या सुट्टीत ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. उंच, सावळा, डोळ्यांत आधी हसू आणि मग ओठांवर. नाव राकेश. नाशकात द्वारका चौकाजवळ फ्लेक्स छापायच्या दुकानात कामाला. धाकट्या भावाच्या भूमिकेसाठी त्याच्या डाव्या हाताला बोटांपर्यंत पट्टी गुंडाळलेली.

“तुम्ही… कधी प्रॉम्प्टिंग केलंय का हो? आठ वर्षांपूर्वी, स्पर्धेत?” तिनं विचारलं, आणि मग वाक्य विसरल्याची, त्या आवाजाची सगळी गोष्ट एका दमात सांगून टाकली. फक्त डागाचं तेवढं सांगितलं नाही. का, कुणास ठाऊक.

राकेशनं हातातला कप ओठांजवळ नेला, खाली आणला.

“असेल,” तो म्हणाला. “विंगेत लय वर्षं काढली मी.”

असेल… एवढ्याशा शब्दानं तेजलच्या त्या दिवसाला घुंगरू बांधले.

मग दिवस कसे गेले, कळलं नाही. ती त्याच्या पाठीचे, मानेचे, कानामागच्या केसांचे फोटो काढायची.

“मॅडम, पाठीचे इतके फोटो? एखादा पुढून काढा की.”

“पुढून तुमचं कामच नाही.”

“तेच तर दुःख आहे. घरच्यांनी सिनेमा पाहिला तर ओळखणार कसं?”

“कॉलर वाकडी दिसली की ओळखतील.” तिनं कॉलर सरळ केली. बोटं मानेला लागली. थंडी होती म्हणून असेल, दोघंही शहारले.

“अरे, उरका की!” जमिनीवर पडलेलं प्रेत ओरडलं. प्रेताचं काम गावातल्या चिमाजीबाबांकडे होतं. “तुमचं चालतंय गुलूगुलू, आन् इथं मला मुंग्या चावत्यात. मेल्या माणसाला काय जीव नाय का?”

सगळी चाळ हसली.

चौथ्या दिवशी राकेशला मोठा भाऊ व्हायचं होतं. मोठ्याच्या हाताला पट्टी नसते, घड्याळ असतं. आणि हा पठ्ठ्या पट्टी न सोडता तिच्यावरच घड्याळ बांधून हजर.

“अहो, तुम्ही एकाच वेळी दोन्ही भाऊ झालात!” तेजल हसत सुटली. “आणा तो हात.”

तिनं घड्याळ काढलं. पट्टीचा एक-एक वेढा सुटत गेला. शेवटचा वेढा सुटला. अंगठ्याच्या बुडाशी… स्वच्छ, सावळी कातडी. डाग नव्हता. भाजलेल्याची खूण अशी आठ वर्षांत पुसून जात नाही.

तिनं घड्याळ बांधलं, पट्टा ओढून पाहिला.

“काय झालं?” त्यानं विचारलं.

“काही नाही. पट्टा सैल आहे.”

दुपारी मेकअपच्या ललिताताईंनी सहज बोलता बोलता उरलेली तार जोडली. “या राकेशला खरंच जुळा भाऊ आहे गं. शेखर. इथंच सायखेड्यात शेती बघतो, दोन लेकरांचा बाप. नाटकात दोघं असायचे. पाच वर्षं झाली, बोलत नाहीत म्हणे.”

तेजलला सगळं उमगलं. आवाज तोच, हात वेगळा. रागानं तिचे डोळे भरून आले, पण राग पुरता येईना. कारण एव्हाना ती आवाजासाठी चाळीत येत नव्हती. प्रेताच्या अंगावर हळूच चादर टाकून ‘बाबा, गार लागतंय का?’ विचारणाऱ्या माणसासाठी येत होती. पण त्यानं तिच्यापुढे भावाचा दिवस आपला म्हणून पांघरला होता. हे त्यानंच सांगायला हवं होतं. आपण होऊन. शूटिंग संपायला सात दिवस होते. नाही सांगितलं, तर ती येवल्याची गाडी धरणार होती आणि मागे वळून बघणार नव्हती.

आठव्या दिवशी टँकरनं खोटा पाऊस पाडायचा होता. टँकर यायला वेळ होता. तेजल पायरीवर बसून आईची ओवी गुणगुणत होती:

*एका देठाला दोन फुलं, रूप दोघांचं सारखं*
*मधी वाऱ्यानं काय केलं, एक दुसऱ्याला पारखं…*

“परत म्हणा,” राकेश मागून म्हणाला.

तिनं म्हटली. तो शेजारी बसला. बराच वेळ कांद्याची टरफलं बोटांनी चुरत राहिला.

“मुंबईहून शेखरला बोलावणं आलं होतं. मालिकेसाठी. तो तापानं फणफणलेला. म्हटलं, चेहरा तर एकच आहे… त्याच्या नावानं मीच गेलो.” तो हसला, पण हसू ओठांच्या कडेलाच अडलं. “कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो आणि एक शब्द आठवेना. आठ दिवस थांबा म्हटलं असतं, तर ते थांबले असते. शेखर एवढंच म्हणाला, ‘माझा चेहरा घेऊन गेलास आणि पाडून आलास.’ त्यानंतर बोलणं नाही.”

“अजून काही सांगायचंय?” तेजलनं हळूच विचारलं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. काहीतरी ओठांपर्यंत आलं… तेवढ्यात टँकर आला, खोटा पाऊस सुरू झाला.

“नाही,” तो म्हणाला.

पुढचे दोन दिवस तेजलनं त्याचे फोटो लांबूनच काढले.

शेवटच्या दिवशी राकेश वेळेवर आला नाही. दिग्दर्शक घड्याळ बघत होते, चिमाजीबाबा प्रेताच्या जागी बसून पोहे खात होते. तेजलनं बॅग आवरून ठेवली होती, संध्याकाळच्या गाडीची. ऊन चढलं तेव्हा फाटकाशी मोटारसायकल थांबली. चालवणारा उतरला, मागचाही उतरला… आणि चिमाजीबाबांचा घास हातातच राहिला. “आरं तिच्या! ह्ये तर खरंच दोन हायेत!”

राकेश थेट तेजलकडे आला. थंडीतही कपाळावर घाम.

“त्या दिवशी विंगेत मी नव्हतो,” तो म्हणाला. “तो होता. मी प्रेक्षकांत बसलो होतो, शेवटच्या रांगेत. तुम्ही मला ‘तुम्हीच का’ विचारलं, तेव्हा ‘नाही’ म्हणवलं नाही… तुम्ही त्या आवाजासाठी बोलत होतात ना माझ्याशी. पण एकदा त्याची जागा घेतली होती मी, आता दुसऱ्यांदा नाही. सकाळी घरी गेलो, आधी त्याला सगळं सांगितलं. जा, भेटा त्याला. आभार मानायचे ते त्याचेच माना.”

तेजल फाटकापाशी गेली. शेखरनं नमस्काराला हात जोडले. अंगठ्याच्या बुडाशी द्वितीयेचा चंद्र होता.

“तुम्हीच का त्या?” तो हसला. “अर्धा पेला माझ्या पायावर सांडला होता तुम्ही!”

“त्या दिवशी राहून गेलं,” ती म्हणाली. “थँक्यू, दादा.”

“पोहोचलं. पण त्याच्याकडं बघा जरा. पाच वर्षांनी दारात आला, पाया पडला, आणि अर्धा तास नुसतं तुमच्याबद्दलच बोलला. मी म्हटलं, बाबा, माझ्याशी भांडण मिटवायला आलास का हिचं वर्णन करायला?”

राकेश चाळीच्या कुडाशी उभा होता, तिच्याकडे पाठ करून. कॉलर वाकडीच होती. तेजल मागे जाऊन थांबली.

“मला चौथ्या दिवसापासून माहीत होतं.”

तो वळला. “चौथ्या…? घड्याळ बांधलंत तेव्हा?”

“त्या हाताला डाग होता. तुमच्या नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमचं वाक्य होतं ते. मी कशाला सांगू? मी काय प्रॉम्प्टर आहे?”

तो हसला, आणि डोळ्यांतलं पाणी त्यानं मनगटानं पुसलं. “आणि आता? गाडी…?”

“आता माझं वाक्य आहे एक.” तेजलनं तोंड उघडलं. आणि आठ वर्षांपूर्वीसारखीच घशाला कोरड पडली. समोर दोनच डोळे होते, तरी सगळं नाट्यगृह भरल्यासारखं वाटलं. शब्द येईना.

राकेश एक पाऊल पुढे आला. हळू आवाजात म्हणाला, “थांबू नका. श्वास घ्या…”

या वेळी तो आवाज त्याचाच होता.

तिनं श्वास घेतला.

“मला तुम्ही आवडता, राकेश. पाठमोरे तर आवडताच… पण पुढूनसुद्धा.”