पिल्लाची आई बघायला

"ह्याची आय कुटं हाय?"

प्रियदर्शनीनं दचकून मान वर केली. प्रश्न तिला नव्हता, पिल्लंवाल्याला होता. सोलापूरच्या नवी पेठेतल्या शनिवारच्या गर्दीत त्यानं कपड्याच्या दुकानापुढे स्कूटर लावून सीटवर टोपली मांडली होती, आणि टोपलीतलं कुत्र्याचं एक पांढरं पिल्लू प्रियदर्शनीच्या ओंजळीत थरथरत होतं. विचारणारा उंच, सावळा, हातात कापसाचं पुडकं... आणि अंगाला औषधाचा वास.

"आई बेंगलोरला असते," पिल्लंवाला म्हणाला.

"आन बाप दुबईला?"

आजूबाजूचे हसले. त्या उंच माणसानं ओंजळीतल्या पिल्लाचं तोंड अलगद उघडलं. "किती दिवसांचं म्हनला?"

"अडीच महिन्यांचं. टी-कप पॉमेरेनियन, ताई! शेवटपर्यंत एवढंच राहतं."

"दाढा कुटं हायत? सव्वा महिन्याचं बी न्हाय हे. आयला प्यायचं सोडून बाजारात काय करतंय?"

पिल्लंवाल्यानं पिल्लू घेतलं, टोपली झाकली आणि स्कूटर चालू केली. दोन मिनिटांत सौदा मोडला आणि प्रियदर्शनीचा पारा चढला.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"कुनी न्हाय," तो शांतपणे म्हणाला. "पर तुमी बी कुनाला इचारलं न्हाय की."

हा जोतिराम. करमाळ्याकडचा, धनगराच्या घरातला. लहानपण मेंढरांमागं गेलं, आणि आता सहा वर्षं सोलापुरात जनावरांच्या एका डॉक्टरांच्या हाताखाली काम करत होता. "आमच्यात मेंढरामागं कुत्रं ठेवायचं तर आदी त्याची आय बगत्यात," तो म्हणाला. "ती भित्री निगाली तर पिल्लू घेत न्हाईत." प्रियदर्शनीला हे फार नवलाचं वाटलं. राग कुठं गेला ते तिलाही कळलं नाही, आणि तिनं त्याचा नंबर घेतला. का घेतला, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. आपणही विचारायला नको.

पिल्लू हवं होतं ते आईसाठी. प्रियदर्शनी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन करायची. एक मार्चपासून तिला वर्षभरासाठी कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात मोठी जागा मिळाली होती. तिला ती मनापासून हवी होती. पण वडील जाऊन चार वर्षं झालेली, घरात आई एकटी. घरात काहीतरी नाचतं-बागडतं ठेवून गेलं तरच आपला पाय निघेल, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

मग दर रविवारी पिल्लाची आई बघणं सुरू झालं. स्कूटी प्रियदर्शनी चालवायची. जोतिराम मागे अगदी टोकाला बसायचा, मध्ये तिची पर्स.

"अहो, पडाल मागे!"

"पडलो तर आपलाच दवाखाना हाय की."

जुळे सोलापुरातल्या पहिल्या घरची कुत्री गोड होती. पण चार पावलं टाकली की मागचा पाय उचलून लंगडायची. "वाटी सरकती गुडघ्याची," जोतिराम हळूच म्हणाला. "ह्या बारक्या जातीत लई असतंय. पिल्लांत बी उतरतंय." दुसऱ्या घरची कुत्री सोफ्याखालून दात विचकत होती आणि तिच्या पिल्लांनी अंगणसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

आठवडाभर प्रियदर्शनीचे प्रश्न चालायचे. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ती मेसेज टाकायची — खायला किती वेळा? एकटं किती वेळ राहतं? उन्हाळ्यात काय करायचं? त्याची उत्तरं आवाजातच यायची आणि मागे शेळ्या ओरडत असायच्या. "एवडूसं पोट त्येचं. ल्हान असताना चार-चार तासांनी खायाला लागतंय. उपाशी ऱ्हायलं तर थरथरून पडतंय." "हातातनं उडी मारली तर पाय मोडतोय, आन पायाखाली येतंय, घरात पाय घासत चालायचं!" "आन त्येचं केस बगा, मग आपला मे म्हयना आटवा." ती ही उत्तरं दोनदा ऐकायची. एकदा माहितीसाठी, एकदा उगीच.

तिसरं घर गोजाबाईंचं. स्वच्छ फरशी, कुत्रीनं येऊन प्रियदर्शनीचा हात चाटला, पिल्लं टणाटण उड्या मारत होती. जोतिरामनं बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. "नको."

"का?"

"जिना... लई उबा हाय."

"जिना त्यांच्या घरात आहे हो! आपल्या घरात कुठंय?"

आपल्या! शब्द तोंडातून निसटला आणि प्रियदर्शनीचे कान तापले. जोतिराम जिन्याकडेच बघत राहिला.

परत येताना त्यानं विचारलं, "हे कुत्रं चौदा-पंदरा वर्सं जगतंय. तवर तुमची आय किती वर्सांची हुईल?"

"सत्तर... बहात्तर."

"त्यास्नी इचारलं का, पायजे का म्हनून?"

तिनं विचारलं नव्हतं. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. तिनं स्कूटीचा वेग वाढवला, आणि त्यानंही ताणलं नाही.

जानेवारीच्या शेवटी ती दोघं चौथी कुत्री बघायला अक्कलकोट रस्त्याला बसलिंगप्पांच्या शेतावर गेली. हुरड्याचे दिवस. आगटीतून गरम कणसं निघत होती, बसलिंगप्पा ती हातावर चोळून दाणे वाटत होते, ताटात शेंगाचटणी. त्यांची कुत्री शेपटी हलवत आली आणि दोघांच्या मध्ये बसली. पिल्लू तीन महिन्यांचं, लस टोचलेलं, दात पूर्ण, गुडघे घट्ट.

"नेऊन बांधून ठेवनार असाल तर देत न्हाई बघा," बसलिंगप्पांनी आधीच बजावलं आणि ते विहिरीकडे गेले.

जोतिरामनं पिल्लाचे दात पाहिले. गुडघे पाहिले. कान पाहिले. पुन्हा दात.

"अजून एकदा बघितलेत तर चावेल ते तुम्हाला," प्रियदर्शनी हसली. "सांगा, खोट काय?"

"खोट न्हाय."

"मग घेऊ?"

तो पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"जोतिराम?"

"घेतलं की... तुमी जानार की." त्याचा आवाज एकदम बसला. "पयल्या दोन घरांत खरंच खोट हुती. जिन्याची मी काडली. देवाशप्पत, त्या पिल्लांत कायबी वाईट नव्हतं."

प्रियदर्शनीच्या हातातले दाणे हातातच राहिले. तेवढ्यात बसलिंगप्पा विहिरीकडून परत आले. "आईला विचारून कळवते," एवढं म्हणून ती उठली. परतीच्या वाटेवर पर्स मध्ये नव्हती.

आईनं पिल्लाचं सगळं ऐकलं आणि हातातलं शिवण खाली ठेवलं.

"म्हणजे तुझ्या जागेवर कुत्रं बसवून जाणार होतीस होय गं?"

"तू एकटी राहशील म्हणून..."

"मी एकटी? सकाळी देवळात जाते, दुपारी बारा पोरी शिवण शिकायला येतात. त्यांना काजं करायला शिकवू का चार-चार तासांनी त्याला भरवू? लळा लागला की पुढची पंधरा वर्षं मी कुठं गावालासुद्धा जायची नाही. मला नको बाई. तू खुशाल जा." मग ती चष्म्यावरून लेकीकडे बघत राहिली. "दीड महिना कुत्री बघत हिंडलीस. पुण्यातली खोली बघायला एकदा तरी गेलीस? कोण गं तो, तुझ्याबरोबर हिंडणारा?"

प्रियदर्शनीला आधी हसू आलं, मग रडू.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. जोतिराम एका शेळीचा मोडका पाय बांधत होता. शेळीची मालकीण निंगव्वा बाकावर बसून होती.

"आई नको म्हणाली."

त्याचे हात थांबले. "मग तुमी... जात न्हाय?"

"जाणार. वर्षभर. मला ते काम करायचंय, जोतिराम." तिनं श्वास घेतला. "बसलिंगप्पांना मी नको म्हणून कळवलं. सोबत आईला नको होती, मला हवी होती. इतके दिवस मी पिल्लू बघतच नव्हते. रविवार कधी येतो तेवढंच बघत होते. मला तुम्ही आवडता. फार आवडता."

जोतिरामचं तोंड उघडं ते उघडंच. पट्टीचं भेंडोळं हातातून सुटलं आणि फरशीवर गडगडत गेलं.

"आवो, पाय बांदा की आदी!" निंगव्वा ओरडली. "माजी शेळी तीन पायांवर हाय, आन तुमी..."

"बांदतो की, मावशी, बांदतो," तो म्हणाला, पण बघत होता प्रियदर्शनीकडे. "वरसाची बोली हाय व्हय? ऱ्हातो की मी वरसभर. पर रविवारी मला हितं करमायचं न्हाय."

"मग या की पुण्याला."

"गाडी किती वाजता हाय?"

"सकाळी. लवकर उठावं लागेल."

"धनगराच्या पोराला उटायचं शिकवताय व्हय!"

ती खळखळून हसली. खाली वाकून तिनं भेंडोळं उचललं, फुंकर मारून धूळ उडवली आणि त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसली. शेळीचा पाय मग दोघांनी मिळून बांधला.