अण्णांच्या मृदंगावरची खळ

मी खरं सांगितलं, तरी कोणी मानलं नाही. माझा नवरा रुपराव म्हणे, "वेड लागलं काय वं तुले?" अम्मा म्हणाल्या, दुःखानं बोलून राहिली. खोटं बोलली असती तर पटकन पटलं असतं सगळ्यांले. चौथीच शिकली मी, म्हणून माझ्या हातानं केलेलं मले समजत नाही काय?

धंतोलीत अण्णा-अम्मांकडे मी नऊ वर्षं कामाले होती. मद्रासकडची माणसं. अण्णा रेल्वेतून रिटायर झालेले. ते मृदंग वाजवत, अम्मा वीणा. लोक लांबून ऐकायले येत. अण्णांच्या डाव्या हाताचं नाव होतं. ती थाप पडली की स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं हलत.

त्या मृदंगाची एक रीत होती. उजव्या तोंडावर शाई कायमची. डावं तोंड मात्र कोरडं. दर वेळी वाजवायच्या आधी रवा पाण्यात मळून त्याचा ओला गोळा मधोमध थापायचा, तेव्हा कुठे तो घुमतो. वाजवून झालं की खरवडून काढायचा. मळायचं काम माझं. थापायचं अण्णांचं, तिथे ते अम्मांलेही हात लावू देत नसत.

त्र्याहत्तरची रामनवमी. दुष्काळाचे दिवस, रेशनवर रवा नाही. अण्णांनी त्या दिवसासाठी वाटीभर जपून ठेवला होता. माझी सुभद्रा तापातून उठली होती, शिरा मागून राहिली होती. अर्ध्याहून जास्त रवा मी पदरात बांधून घरी नेला. आम्ही कोष्टी, मागावरच्या सुताले लावायची पिठाची खळ घरात असायचीच. कमी पडलं ते मी खळीनं भरून काढलं. ओलं असताना कोणाले कळत नाही.

अण्णांनी गोळा दाबून पाहिला. "आज छान मळलं," म्हणाले.

मांडवात झळा येत होत्या, त्यात पंखे. अम्मांची वीणा थांबली, अण्णांनी एकट्यानं वाजवायची वेळ आली, आणि डावी थाप कोरडी पडली. पाटावर हात आपटावा तशी. लोक एकमेकांकडे पाहू लागले. वाळून तडकलेली एक खपली त्यांच्या पांढऱ्या धोतरावर पडली. त्यांनी ती उचलली, चिमटीत धरली, आणि मग आपल्या हाताकडेच पाहत राहिले. मी खांबाआड उभी होती.

घरी आल्यावर ते अम्मांले हळूच बोलले. मी भांडी घासून राहिली होती, ऐकू आलं.

"ओलं-सुकं कळत नाही हाताला. गेला माझा हात."

तेव्हाच बोलायले पाहिजे होतं. नाही बोलली. काम जाईल, चोर म्हणतील... नाहीच बोलली.

अण्णांनी मृदंगाले खोळ घातली ती पुन्हा काढली नाही. दिवाळीत दरसालसारखं मले लुगडं दिलं, पुडक्यावर माझं नाव लिहून. मराठी त्यांले लिहिता येत नसे. माझं नाव तेवढं शिकले होते, तेही वरची रेघ न ओढता. पंधरा दिवसांनी गेले.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला, त्यांच्या वाजवायले बसायच्या वेळेले, मी तांदूळ निवडून राहिली होती. झाकणं हलली.

मग ऐकू आली ती. एकच थाप, खोल, जुनी. खोळीच्या आतून.

मी खोळ काढली. डावं तोंड ओलं होतं, मधोमध गोळा थापलेला, कडेनं बोटं फिरवलेली.

"आले," अम्मा म्हणाल्या. रडल्या नाहीत. वीणा मांडीवर घेऊन बसल्या.

मी वाकून वास घेतला. आंबूस... आमच्या मागाखालचा वास. अण्णांच्या घरात खळ कुठून येईल? रोज चारला ती ओली असायची, रोज दिवेलागणीपर्यंत तडकायची, रोज मी खरवडायची. अम्मा रोज वाट पाहत. आठव्या दिवशी मी त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. रवा, शिरा, खळ.

अम्मांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"नाही बाई... ते स्वतः म्हणाले. हात गेला होता."

"अम्मा, वास तर घ्या..."

"रव्याचाच आहे."

त्यांनी मले दोन शिव्या दिल्या असत्या तर मी सुटली असती. पुढे त्या मद्रासले बहिणीकडे गेल्या. जाताना मृदंग माझ्या हवाली केला. तू रोज पुसलास, तूच ठेव, म्हणाल्या.

त्याले सात वर्षं झाली. सुभद्रा उमरेडले नांदते. माग विकला, रुपराव हिंगण्याच्या कारखान्यात जातो. घरात खळीचा थेंब नाही. मृदंग भिंतीशी उभा, मुका. मले वाटलं, मिटलं.

काल चारला माझ्या डब्यांची झाकणं हलली.

किती वेळ मी हातच लावला नाही. मग खोळ काढली. तोच आंबूस वास. गोळा ओला होता, आणि त्यात बोटानं अक्षरं ओढलेली होती. वाकडी. वरची रेघ नव्हती. रुपरावले मी हाक मारली नाही. काय सांगणार होती? ज्यांले सांगायचं राहिलं होतं, त्यांले कळलं होतं. मी एकेक अक्षर लावून वाचलं.

चंद्रकला.