वांग्याच्या वाटीतला मासा

"चला, म्हणजे आज मॅगीच," स्वरदा स्वतःशीच पुटपुटली.

शुक्रवारची संध्याकाळ होती. पॅरामाटाच्या त्या गल्लीत थंडीतली बारीक भुरभुर चालू होती. इझाकायाच्या, म्हणजे छोट्या जपानी खाणावळीच्या, उघड्या दारातून निखाऱ्यांचा धूर आणि माणसांचं हसणं बाहेर येत होतं. पण मालकीण मिचिको-सान नकारार्थी मान हलवत होती. काउंटरवर दोनच खुर्च्या उरल्या होत्या आणि त्या तिला जोडीलाच द्यायच्या होत्या.

"मॅगी कशाला?" मागून कुणीतरी चक्क मराठीत म्हणालं. "मीपण एकटाच आहे. आपण दोघं मिळून दोन होतोच की."

ती वळली. उंच, किडकिडीत, चष्म्यावर पावसाचे थेंब. ते पुसायचं त्याला सुचलंही नव्हतं.

"अनोळखी माणसाबरोबर?"

"नाव सांगतो, म्हणजे अनोळखी राहणार नाही. हृषिकेश. पेंडल हिलला राहतो, आयटीत आहे, निरुपद्रवी आहे."

"शेवटचं कोण ठरवणार?"

"जेवण होईपर्यंत... तू ठरव."

तिला हसू आलं, आणि दोघं आत शिरली.

काउंटर इतका अरुंद की कोपराला कोपर लागत होतं. भिंतीवर जपानी अक्षरांच्या पट्ट्या लोंबत होत्या. हृषिकेशने ओसाकात दोन वर्षं काढली होती, त्यामुळे त्या पट्ट्या तो भराभर वाचत होता.

"मी स्वरदा, आणि शुद्ध शाकाहारी आहे हं," स्वरदा म्हणाली. "हसू नकोस. वेस्टमीडला लॅबमध्ये काम करते, रोज संध्याकाळी स्टेशनवरून घरी जाताना या दाराचा वास घेते. आज धीर केला."

"मग आजची जबाबदारी माझी."

मीठ लावलेल्या सोयाच्या शेंगा आल्या, निखाऱ्यावर भाजलेल्या मिरच्या आल्या. मग तळून पातळ रसात मुरवलेलं वांगं आलं. एक घास... आणि स्वरदाने डोळे मिटले. आजवर तिने वांगं भरून खाल्लं होतं, भरीत करून खाल्लं होतं. असं लोण्यासारखं विरघळणारं कधी खाल्लं नव्हतं. तिने वाटीच तोंडाला लावली.

"कुणीतरी बघतंय," तो हळूच म्हणाला.

"कोण?"

"मी."

तिचे कान तापले. तेवढ्यात मिचिको-सान वाटी उचलता उचलता कौतुकाने जपानीत काहीतरी बोलली, आणि हृषिकेशचा चेहरा उतरला. त्याने तिला पुन्हा विचारलं. मग तो स्वरदाकडे वळला.

"स्वरदा, त्या रसात... वाळवलेल्या माशाचा अर्क होता. मी आधी विचारायला हवं होतं. चूक माझी आहे."

स्वरदाने पाण्याचा घोट घेतला. जिभेवरची चव एकदम परकी वाटायला लागली.

"मला कधीच कळलं नसतं," ती म्हणाली.

"म्हणूनच सांगितलं."

ती उठली. "जाते मी," एवढंच बोलून पावसात बाहेर पडली. त्याने अडवलं नाही. नुसता उभा राहिला, मान खाली घालून.

घरी पोचेपर्यंत तिच्या लक्षात आलं, की आपल्याला राग आलेलाच नाही. शंतनूशी तिचा साखरपुडा झाला होता. त्याने वर्षभर दुसरी मुलगी लपवली आणि पकडला गेल्यावर म्हणाला, तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. तेव्हापासून गोड बोलणाऱ्या माणसाची तिला धास्तीच वाटायची. आणि हा... एका वाटीचं खरं सांगण्यापायी आख्खी संध्याकाळ घालवून बसला. त्याचा नंबरसुद्धा तिने घेतला नव्हता.

पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा त्या दारात गेली. मिचिको-सानने तिला बघताच मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की तो चष्मेवाला दुसऱ्याच दिवशी येऊन गेला. माशाशिवाय हा रस होतो का विचारत होता. होतो म्हणे. समुद्री शेवाळ आणि सुके मशरूम रात्रभर भिजवायचे. "रोज ऑफिस सुटलं की डोकावतो," ती डोळे मिचकावत म्हणाली. "तू आलीस का, बघायला."

तो आला तेव्हा स्वरदा काउंटरपाशी बसली होती, पुढ्यात वांग्याची वाटी.

"हे चालेल," तो दारातूनच घाईने म्हणाला. "मी स्वतः बघितलंय करताना."

"माहितेय. बस."

तो बसला.

"मला वाटलं, तू परत येणार नाहीस," तो म्हणाला. "आणि आलीस तर... काय बोलायचं ते पाठ केलं होतं. आता एकही वाक्य आठवत नाहीये."

"नको आठवूस. पाठ केलेलं मला आवडत नाही."

"मग काय आवडतं?"

स्वरदाने हातातल्या काड्या खाली ठेवल्या. तिने फोन काढला. पुण्यात दुपारचे दोन वाजले असतील, आई आडवी व्हायच्या बेतात असेल.

"आई, झोपली नाहीस ना? ऐक, तो शेजारीच बसलाय. बोलतेस?"

हृषिकेश दचकून ताठ झाला. हात घाईघाईने रुमालाला पुसून त्याने फोन घेतला. "नमस्कार काकू."

पलीकडून आवाज इतका खणखणीत आला, की तो स्वरदालाही ऐकू गेला.

"तूच का रे तो? आठवडाभर पोरगी दुसरं काही बोलत नाहीये."

हृषिकेशने वळून बघितलं. स्वरदाने मान खाली घातली होती, आणि काउंटरखाली तिच्या बोटांनी त्याची बोटं घट्ट धरली होती.