थोरल्या डियरमिडचं पत्र

रविवारी संध्याकाळी धारा आटोपून आल्यावर जेरी क्रीडनने टीव्ही लावला आणि त्याचा आवाज पार बंद करून टाकला... पडद्यावर त्याचा धाकटा भाऊ डर्मट निळ्या कोटात बसून बोलत होता. एकोणीस वर्षं काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, संघातून गेलिक फुटबॉल खेळलेला आणि आता सतरा वर्षं त्याच खेळावर साऱ्या आयर्लंडपुढे ज्ञान पाजळणारा डर्मट! आणि जेरी, गुडघ्यांवर कोपरं रोवून, भावाचे ओठ, डोळे, बोटं न्याहाळत होता, जणू त्या चेहऱ्यावर कुठेतरी एक जुनी चोरी अजून चिकटून राहिली असावी.

"आवाज लाव की," इस्त्री करता करता त्याची बायको ब्रीडा म्हणाली. "अख्खी काउंटी त्याचं ऐकायला बसते, आणि तू पोलिसासारखा टक लावून बसलायस."

"खोटं बोलणारा माणूस हात कुठे ठेवतो, ते बघतोय."

"तीन आठवडे झाले तुझं हे. आईला पुरलं त्या दिवसापासून. एकदाचं काय ते त्याला विचार, नाहीतर मनातून काढून टाक बाबा."

मनातून काढून टाक... ते इतकं सोपं असतं तर! आईच्या अंत्यविधीला घरची माणसं चर्चच्या दारात ओळीने उभी होती, गाव एकेकाचा हात हातात घेऊन पुढे सरकत होतं, आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांचे टूमी मास्तर जेरीपाशी येऊन थांबले. दोघा भावांना शाळेत शिकवणारे आणि पुढे काउंटीचा संघ निवडणारे ते हेच मास्तर. "एक गोष्ट कायमची मनात राहून गेली रे, जेरी," ते म्हणाले. "बोलावणं तुला धाडलं होतं. तू धाकट्याला का पाठवलंस?" शेजारीच उभ्या असलेल्या डर्मटचा चेहरा पांढराफटक पडला आणि कुणाला तरी शोधत असल्यासारखा तो ओळ सोडून निघून गेला.

मुळात घोटाळा होता तो नावांचा. थोरल्याला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवलं, जेरेमाया, म्हणजेच जेरी. धाकट्याला आईच्या वडिलांचं, डर्मट. घरात सगळे इंग्रजीच बोलत, तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. पण शाळेच्या हजेरीत नावं आयरिशमध्ये लिहायची, आणि आयरिशमध्ये जेरेमायाही डियरमिड अन् डर्मटही डियरमिड! मास्तर पोट धरून हसले होते म्हणे. मग त्यांनीच तोड काढली. थोरला तो डियरमिड मोर, धाकटा तो डियरमिड बेग. मोर म्हणजे मोठा, बेग म्हणजे लहान. शाळा सुटेपर्यंत दोघं एकमेकांना मोर आणि बेग अशाच हाका मारायचे.

फुटबॉलचा कागदोपत्री कारभारही आयरिशमधूनच चाले. ते सत्त्याऐंशी साल. जेरी वीस वर्षांचा, डर्मट अठराचा. दोघंही गावच्या संघात. या खेळात चेंडू हातानेही झेलतात, आणि उंच उडी घेऊन हवेतल्या हवेत चेंडू झेलावा तर तो जेरीनेच, असं सगळे म्हणायचे. त्या वसंतात काउंटीच्या चाचणीचं पत्र आलं. आईने ते फोडलं आणि म्हणाली, "डर्मटला बोलावलंय." जेरीने भावाला कडकडून मिठी मारली होती. मग गोठ्यात जाऊन, एका गायीच्या पाठीवर कपाळ टेकून, कुणाला दिसणार नाही अशा बेताने तो रडला होता. वडिलांची छाती तेव्हाच निकामी झालेली. चाळीस गायी, दिवसातून दोनदा धारा. "तू खेळ," तो भावाला म्हणाला होता, "गोठ्याचं मी बघतो." त्या एका वाक्यावर तो छत्तीस वर्षं जगला होता. मी भावासाठी दिलं... ही एवढीच तर त्याची आयुष्यभराची कमाई!

डर्मटचा एकही सामना त्याने शेवटपर्यंत पाहिला नव्हता. पाचला धारा, आणि गायींना परका हात चालत नसे. शेवटच्या शिट्टीला दहा मिनिटं उरली की जेरी उठायचा, माणसांचे गुडघे ओलांडत गाडीकडे धावायचा आणि निकाल रस्त्यात रेडिओवर ऐकायचा. आणि टीव्हीवर डर्मटचं पालुपद काय, तर "सामना शेवटच्या दहा मिनिटांत कळतो." गावातली माणसं त्याची नक्कल करत ते वाक्य म्हणायची. पूर्वी जेरीही हसायचा. आता त्याला वाटे, हा मलाच टोमणा मारतोय.

आता एकेक गोष्ट त्याला वेगळीच दिसू लागली होती. टीव्हीवर कुणी डर्मटच्या पदकांविषयी विचारलं की तो खाली बघून विषय बदलतो, तो का? आईच्या शेवटच्या आजारात तो तिच्याशी दार लावून काय बोलत होता? जेरीने माळ्यावरून सामन्यांच्या जुन्या पुस्तिका काढल्या. प्रत्येकीत संघाची यादी आयरिशमध्ये, आणि एकोणीस वर्षं, दरवेळी, तेच नाव: डियरमिड मोर ओ क्रीडन. मोर! जेरीच्या खांद्यालाही न पोचणारा बेग मोर म्हणून मिरवत होता. संघातले लोक त्यावरून त्याची टर उडवायचे, तेव्हा जेरीला गंमत वाटली होती. आता त्याच्या अंगाची लाही लाही झाली. जागा घेतली ती घेतली, वर माझं नावही पिसाऱ्यासारखं लावून हिंडला!

पुढच्या शनिवारी आईला जाऊन महिना झाल्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना होती. डर्मट डब्लिनहून आला. चर्चमध्ये त्याचा हात सारखा कोटाच्या आतल्या खिशाकडे जात होता, आणि ते जेरीने टिपलं. घरी ब्रीडाने सँडविचेस आणि चहा पुढे केला, तर डर्मटने घासही घेतला नाही. पाच वाजता जेरी उठला, तसा तोही उठून त्याच्यामागे गोठ्यात आला.

"बूट खराब होतील तुझे," जेरी म्हणाला.

"होऊ देत."

धारा काढायच्या यंत्राची धडधड सुरू झाली. जेरी गायींच्या सडांना कप लावत, भावाकडे पाठ करून, एकीकडून दुसरीकडे सरकत राहिला. "टीव्हीवर तर तोंडाला खळ नसतो तुझ्या. इथे काय झालं?"

"मास्तर त्या दिवशी तुला म्हणाले ते..."

"खरं होतं का? हो की नाही, एवढंच सांग."

"हो."

डर्मटने खिशातून एक पिवळा पडलेला कागद काढला. मास्तरांचं तेच टपोरं अक्षर. डियरमिड, आणि त्याच्यापुढे कागदाचा नखाएवढा तुकडा फाडलेला.

"तिथे 'मोर' लिहिलं होतं," डर्मट म्हणाला. "आईने तेवढंच फाडलं आणि चुलीत टाकलं. मी टेबलाशी पाव खात बसलो होतो."

"म्हणजे तू पाहिलंस."

"पाहिलं. आणि गप्प बसलो. मैदानावर मास्तरांनी विचारलं, थोरला कुठाय? मी म्हणालो, त्याला नाही यायचं, त्याचा जीव गायींतच रमतो."

जेरीच्या हातातला कप खाली पडून फुसफुसत राहिला. "म्हणजे मी दिलंच नव्हतं," तो पुटपुटला. "छत्तीस वर्षं मला वाटत होतं, मी माझ्या भावाला दिलं... आणि ते तर माझ्याकडून काढून घेतलेलं होतं. अरे, एका शब्दाने विचारलं असतंस, तर मी स्वतः तुला गाडीत घालून मैदानावर सोडून आलो असतो."

"मामाने माझ्यासाठी बोस्टनला काम बघून ठेवलं होतं, आठवतं? जूनमध्ये निघणार होतो. आईने माझं मनगट धरलं. म्हणाली, जेरी इथून हलायचा नाही, पण तुला फुटबॉल मिळाला नाही तर तू जाशील, आणि गेलेलं कुणी परत येत नाही. म्हणाली, मला दोघंही हवेत. तिने मला शपथ घातली, मी डोळे मिटेपर्यंत तू तोंडातून शब्द काढायचा नाहीस म्हणून. दुखण्यात तिनेच उशीखालून हे पत्र काढून दिलं. म्हणाली, मी गेले की सांग त्याला. त्या दिवशी चर्चच्या दारात सांगणार होतो, पण माझ्यात तेवढी हिंमत नव्हती."

जेरीला आई आठवली. रविवारी रेडिओवर सामना लागला की त्याच्या नजरेला नजर न देणारी, आणि भाजलेल्या मांसाचा मोठा तुकडा नेहमी त्याच्याच ताटात वाढणारी आई... तो मोठा तुकडा कशासाठी होता, ते आज कळलं. पण राग अजून उतरला नव्हता.

"आणि नाव? माझ्याजवळ तेवढंच तर उरलं होतं. ते कशाला घेतलंस?"

डर्मटने बाहीने डोळे पुसले. "पहिल्या सामन्याची यादी करताना मास्तर म्हणाले, संघात एकच डियरमिड आहे, नुसतं डियरमिड लिहू का? मी म्हणालो, मोर लिहा. पत्र ज्याला आलं होतं त्याचंच नाव लागू दे. लोक हसायचे, मी हसू दिलं. एकोणीस वर्षं मी तुझ्या नावावर खेळलो, जेरी. प्रत्येक सामन्याआधी यादी वाचायचो, म्हणजे ही जागा कुणाची ते विसरायला नको."

 जेरीने खाली पडलेला कप उचलून धुतला.

"उद्या मी स्टुडिओत जाणार नाही, तसं सांगून आलोय," डर्मट म्हणाला. "उद्या गावचा सामना आहे. तू जा, शेवटपर्यंत बघ. धारा मी काढतो."

"तू? गायी ओळखतात तरी का तुला?" एवढं बोलून जेरीने पाठ वळवली.

दुसऱ्या दिवशी तो मैदानावर गेला खरा, पण मन थाऱ्यावर नव्हतं. डर्मट खरोखर थांबलाय, की आपण वळताच डब्लिनची वाट धरलीय? कालची ती आसवंसुद्धा कॅमेऱ्यापुढे बसून बसून अंगवळणी पडलेली असतील तर? दहा मिनिटं उरली आणि जेरीचे पाय आपोआप उभे राहिले. सवयीने शेजारच्यांनी गुडघे बाजूला घेतले. जेरी तिथेच उभा... रस्त्याकडे बघत. मग हळूच खाली बसला.

"काय रे, गायी विकल्यास की काय?" शेजारचा मॉस म्हणाला.

"भाऊ आलाय घरी," जेरी म्हणाला.

आणि मग गावच्या संघातल्या एकाने उंच, खूप उंच उडी घेऊन हवेतल्या हवेत चेंडू झेलला, सारं मैदान गरजलं, आणि जेरी क्रीडन, छप्पन्न वर्षांचा, चारचौघांत हुंदके देऊन रडू लागला. मॉसने समोर बघत राहून त्याच्या पाठीवर हात ठेवला. शेवटची शिट्टी झाली, लोक पांगले, गोलांची जाळी उतरली, तरी तो तिथेच बसून होता.

घरी पोचला तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. फाटकापासूनच गायींचं हंबरणं ऐकू येत होतं. अर्ध्या गायी अजून तटतटलेल्या, यंत्राचा एक कप जमिनीवर फुसफुसतोय, आणि डर्मट, जेरीचा कामाचा जुना डगला घालून, गुडघ्यापर्यंत शेणात, एका गायीच्या पाठीवर कपाळ टेकून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. जेरी दारातच थबकला. छत्तीस वर्षांपूर्वी याच गोठ्यात, असंच उभं राहून कोण रडलं होतं, ते जेरीशिवाय कुणाला ठाऊक होतं!

"ही दूधच सोडत नाही रे," चाहूल लागताच डर्मट डोळे पुसत म्हणाला. "तीनदा लाथ मारली मला. कोण जिंकलं?"

"एका गुणाने हरलो आपण."

"शेवटी शेवटी?"

"शेवटच्या दहा मिनिटांतच." जेरीने कोट काढून खिळ्याला अडकवला, बाह्या वर सारल्या आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवला. शाळा सुटल्यापासून जी हाक त्याने कधी मारली नव्हती, ती आपसूक ओठांवर आली.

"सरक, बेग. थोरल्याला येऊ दे."